आधी बाण, मग हातोडा

वर कुठली बाजू आणि खाली कुठली, या गोष्टीची इतकी काळजी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. इनास घोन्साल्विस. रास अल खैमातल्या आमच्या सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये कोळशाचं टेबल त्यांच्याकडे होतं. त्या टेबलावरच्या, टेबलाखालच्या, कपाटातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगात एक छोटा बाण काढलेला असायचा. टोक वर. कोळशाच्या नमुन्यांच्या डब्यांवर बाण, हे मी समजू शकते. पण साखरेच्या डब्यावर? छत्रीच्या मुठीवर? एक तर रास अल खैमात छत्री बाळगायची, आणि वर तिच्यावर बाण काढायचा!

मी कराडची. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सात वर्षं काढून इकडे आलेले. आमच्याकडे बोलताना आवाज चढतो, त्याला कुणी भांडण म्हणत नाही. पहिल्याच दिवशी मी एक खोका उचलून टेबलाखाली सरकवला, तर हा उंच, काटकुळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला माणूस आपल्या जागेवरून उठला, गुडघे धरत खाली वाकला, खोका बाहेर ओढला, उलटा केला, म्हणजे त्यांच्या मते सुलटा केला, आणि पुन्हा आत ठेवला.

"बाई, बाण बघायचा."

"सर, आत रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या आहेत. पिशव्यांना काय वर नि खाली?"

"पिशव्यांना नाही. तुम्हाला सवय पाहिजे."

मी मनात म्हटलं, झालं, परदेशात येऊनसुद्धा नशिबी हेच.

दुसऱ्या आठवड्यात रजिस्टरवरून वाजलं. राखेच्या टक्केवारीचा एक आकडा माझ्याकडून चुकला, मी त्यावर व्हाइटनर लावून नवा आकडा लिहिला. सगळं जग करतं. संध्याकाळी रजिस्टर माझ्या टेबलावर परत, आणि सर शेजारी उभे.

"पुसायचं नसतं. चुकलं तर एक रेघ मारायची. एकच. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. आणि ज्यानं स्वतः बघितलंय अशा दुसऱ्या माणसाची सही."

"एवढ्याशा आकड्याला दोन सह्या?"

"चूक एकट्यानं सुधारायची नसते," ते म्हणाले. "एकट्यानं सुधारली की ती दुसरी चूक असते."

व्हाइटनरवर सुकलेला आकडा त्यांनी मला ब्लेडनं खरवडायला लावला. खालचा चुकलेला आकडा दिसेपर्यंत. मी दात-ओठ खात खरवडला. तेव्हा मला हा माणूस अजिबात आवडला नव्हता, हे लिहून ठेवलेलं बरं.

ते मूळचे वसईचे. जिऑलॉजीत एमएस्सी. कारखान्यात त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. वसईला एक बहीण, ती वर्षातून दोनदा कुणाच्या तरी हाती सुकेळी पाठवायची. वसईची ती वाळवलेली केळी ते औषधासारखी खायचे, रोज एक, जेवण झाल्यावर. माझ्याशी भांडण मिटलं ते असंच. एक दिवस न बोलता त्यांनी अर्धी सुकेळी कागदावर ठेवून माझ्याकडे सरकवली. तिथून पुढे मी "बाई"ची वैशाली झाले आणि "तुम्ही"ची "तू".

त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग असायचं. बोटांच्या नखांत कोळसा कायमचा जाऊन बसलेला. जहाजानं आलेल्या कोळशाचा ढीग लॅबच्या मागे पडायचा. त्याचा नमुना घ्यायचा म्हणजे ढीग गोल करायचा, चपटा करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचा पुन्हा ढीग. पोळपाटावरच्या कामासारखं सरळ काम. आम्ही अर्ध्या तासात उरकायचो. सरांना दीड तास लागायचा, कारण दळायला टाकण्याआधी ते एकेक ढेकूळ उचलून भिंगाखाली धरायचे.

"काय बघता एवढं?"

"कोण आहे ते."

इंडोनेशियाचा कोळसा असला की ते ढेकूळ खाली ठेवून द्यायचे. "हा फार तरुण. काल-परवाचा. याच्याशी काय बोलणार?" दक्षिण आफ्रिकेचा असला की जरा बरं वाटायचं त्यांना. "हा निदान वयानं जवळचा. लांबचा चुलतभाऊ म्हण." कधी एखाद्या ढेकळावर पानाचा ठसा निघाला तर ते ढेकूळ भट्टीत जात नसे, त्यांच्या खिडकीत जाऊन बसे. बाण काढून. आमचे मॅनेजर कुरियन साहेब केरळचे. ते येता-जाता ओरडायचे, "घोन्साल्विस साब, यल्ला यल्ला! भट्टी आपके फूल-पत्ती के लिए रुकेगी नहीं!"

"एक बजे रिपोर्ट मिलेगा, इन्शाल्ला."

आखातात "इन्शाल्ला" म्हणजे बहुतेक वेळा आज काही होत नाही असं समजायचं. सरांचं इन्शाल्ला बरोबर एकच्या ठोक्याला टेबलावर यायचं.

एका शनिवारी आमची सगळी लॅब जबल जैसला सहलीला गेली. डोंगरात गाड्या लावल्या, चटया पसरल्या. पहाटे चारला उठून चाळीस चपात्या मी लाटल्या होत्या, म्हणून मला पुढचं अजून आठवतं. कुरियन साहेबांनी बिर्याणीचं झाकण उघडायच्या आत सरांनी माझ्या डब्यातून दोन चपात्या काढल्या. एकीवर कोथिंबिरीच्या काड्या पसरल्या. तिच्यावर दुसरी ठेवली आणि तिला लसणीची चटणी फासली.

"खालची चपाती म्हणजे चिखल. काड्या म्हणजे झाडांची मुळं. वरची चटणी म्हणजे कोळसा. दलदलीत झाडं वाढली, तिथेच पडली, त्यांचा कोळसा झाला. मुळं जिथं होती तिथंच राहिली. म्हणजे मुळं कुठे?"

"कोयले के नीचे," कुरियन साहेब म्हणाले. त्यांना भूक लागली होती.

"नेहमी खाली. आता हे बघा." त्यांनी दोन्ही चपात्या मिळून मधोमध दुमडल्या. "आल्प्समध्ये डोंगर असे दुमडलेत. आता वरच्या घडीत मुळं कुठे आहेत?"

सगळे वाकून बघायला लागलो. वरच्या घडीत खरंच मुळं कोळशाच्या वर आली होती.

"मतलब क्या हुआ?" सरांनी विचारलं.

"मतलब चपाती खराब हुआ," कुरियन साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. सरसुद्धा हसले. मग ती घडी त्यांनीच खाल्ली.

जेवणानंतर सगळे फोटो काढायला पांगले. सर एकटे कठड्याशी उभे होते. मी चहा घेऊन गेले. समोर तो उघडाबोडका डोंगर, थरावर थर.

"यात कोळसा नाही," ते म्हणाले. "हा सगळा समुद्राचा तळ. माझ्या कोळशाच्या काळाचे थर इथं कुठं वर आलेलेच नाहीत. अठ्ठावीस वर्षं मी ज्या डोंगरासमोर राहतोय ना वैशाली, त्याच्याशी मला बोलण्यासारखं काहीच नाही."

मी नेहमीप्रमाणे काहीतरी फटकन बोलणार होते. पण त्यांनी ते इतकं साधेपणानं सांगितलं की मी नुसता चहा पुढे केला.

आल्प्स त्यांच्या बोलण्यात सारखं यायचं, पण तुकड्या-तुकड्यानं. सगळं कळलं ते नाताळात. पंचवीस डिसेंबरला आम्हाला सुट्टी नसते, पण त्या वर्षी रविवार आला होता. मी माझ्या मुलीला, ईराला, घेऊन न सांगता त्यांच्या नखील भागातल्या खोलीवर धडकले. सोबत करंज्या. त्यांनी दार उघडलं आणि गोंधळून आम्हाला बघतच राहिले.

"या ना. बसा."

बसा कुठे? एक टेबल, एक ताट, एक पेला, एक खुर्ची. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर दगडांची खोकी रचलेली. भिंतीला टेकून आणखी खोकी. सरांनी एकेक दगड उचलायला सुरुवात केली. प्रत्येकाचा बाण बघायचा, मग तसाच पलंगावर ठेवायचा. आम्ही मायलेकी हातात करंज्या घेऊन दहा मिनिटं उभ्या. ईरा माझ्या कानात म्हणाली, "ममा, डझ एनीबडी एव्हर कम हिअर?" मी तिच्यावर डोळे वटारले. पण खरं सांगते, ती खुर्ची रिकामी करायची वेळ त्यांच्यावर किती वर्षांत आली नव्हती, हाच प्रश्न मलाही पडला होता.

सगळ्यात खालच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी निघाली. काळी, वहीएवढी, आणि तिच्यावर नेच्याची पानं. पांढरी! चांदीसारखी पांढरी. पाटीवर कुणी खडूनं काढावीत तशी. ईरानं हात पुढे केला तर त्यांनी चक्क तिच्या हातात दिली.

"तीस कोटी वर्षांची आहेत," ते म्हणाले. "तिथं अशीच मिळतात. डोंगराच्या दाबानं पानाच्या जागी पांढरं खनिज भरतं."

तिथं म्हणजे स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागात, आल्प्समध्ये, रोन नदीच्या खोऱ्यात उतरणारी एक अरुंद दरी. वीस-तीस घरांचं गाव, फळ्या ठोकून बंद केलेली कोळशाची जुनी खाण. इनास सर पंचविशीत शिष्यवृत्तीवर तिथं दोन वर्षं होते. गावच्या पाद्र्यांच्या घरात माडीवर राहायचे आणि दिवसभर त्या दरीतल्या कोळशाच्या थरांचा नकाशा काढायचे. त्यांचे प्रोफेसर महिन्यातून एकदा यायचे आणि एकच वाक्य बोलायचे. आधी बाण, मग हातोडा. म्हणजे दगड जमिनीतून सुटा करायच्या आधी त्याच्यावर वरची बाजू कुठली ते खुणेनं मांडायचं. एकदा सुटला की दगड सांगत नाही तो कसा होता.

"आणि मी एकदा आधी हातोडा मारला," सर म्हणाले.

त्यांनी पाटी ईराकडून घेतली आणि उलटली. मागच्या बाजूला पानं नव्हती, बारीक मुळं होती. एका कडेला पांढऱ्या रंगात बाण. त्या बाणावर एक रेघ मारलेली. शेजारी उलट दिशेचा दुसरा बाण, त्यांची सही, तारीख. सहीच्या शेजारी थोडी जागा मोकळी.

"हिमवर्षाव सुरू झाला होता. पाटी जिथं सापडली तो ओढा आता सहा महिने बंद होणार, हे दिसत होतं. ही पाटी हवीच होती. रंगाची बाटली खिशात होती, वैशाली. खोटं कशाला सांगू. हात गारठले होते म्हणून काढली नाही. म्हटलं, लक्षात राहील. संध्याकाळी माडीवर शेगडीजवळ बसून टेबलावर बाण काढला."

"मग?"

"ज्या बाजूनं मला सोयीचा होता, त्या बाजूनं काढला. आणि त्या एका बाणावर दरीची सगळी पश्चिम बाजू काढली. नकाशा सुंदर जुळला. तेवढ्यात वडील आजारी पडल्याचा फोन आला. प्रबंध दिला आणि घरी आलो. परत जाणं झालंच नाही."

खरं काय ते त्यांना इथं, रास अल खैमात कळलं. एका सुट्टीत जुना टूथब्रश घेऊन ते पाटी साफ करत बसले होते. एका मुळावरचा चिखल निघाला आणि त्याचा फाटा दिसला. जाड टोक एकीकडे, बारीक फाटे दुसरीकडे. मुळं बारीक होत जातात ती खाली. बाण सांगत होता ते वर चाललेत. म्हणजे बाण उलटा. म्हणजे थर उलटे. म्हणजे अर्धी दरी उलटी.

त्याला सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षांत त्यांनी प्रोफेसरांना तीन पत्रं लिहिली. जुन्या पत्त्यावर. एकाचंही उत्तर नाही.

माझं तोंड फटकळ, ते काय नाताळ बघतं? मी म्हटलं, "पण सर, कुणाचं काय बिघडलं? खाण बंद. कोळसा कुणी काढत नाही. नकाशा कुठल्या तरी कपाटात पडलेला. कोण बघतंय?"

त्यांनी पाटी मांडीवर घेतली.

"कुणाचंच काही बिघडलं नाही. कुणी बघितलंच नाही. तेच तर म्हणतो मी. माझ्या नावावर जगात एकच काम आहे, वैशाली. आणि ते उलटं टांगलेलं आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सारवासारव करायला मी त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. "दुसरी सही पाहिजे ना? आणा पेन. मी करते."

"तू बघितलेलं नाहीस," ते म्हणाले. रागानं नाही. "न बघता सही करायची नसते. ती जागा प्रोफेसरांची आहे."

निघताना त्यांनी मला एक कागद दिला. स्वच्छ अक्षरात, इंग्रजीत, एक पान. काय चुकलं, कुठं चुकलं, नकाशात काय बदलावं. प्रोफेसर हयात आहेत का, एवढी विचारणा. "तुला कॉम्प्युटरवर पत्ते शोधता येतात. त्यांच्या संस्थेचा ईमेल शोध आणि हे टाइप करून पाठव. सवडीनं."

मी म्हटलं, "उद्याच पाठवते."

तो कागद माझ्या पर्समध्ये जून महिन्यापर्यंत होता.

काही कारण नव्हतं. म्हणजे सांगायला पुष्कळ आहेत. जानेवारीत मला दुबईतल्या दुसऱ्या लॅबमध्ये नोकरी लागली, आम्ही शारजाला अल नहदात फ्लॅट घेतला, ईराची शाळा बदलली, रोजचं दुबई-शारजा ट्रॅफिक. पण वीस मिनिटांचं काम होतं. रोज कुठल्या ना कुठल्या सिग्नलला मी अर्धा तास नुसती बसून असायचे, हे मला माहीत आहे. पर्समध्ये हात घातला की तो कागद बोटाला लागायचा आणि मी तो बाजूला सारून किल्ल्या काढायचे. सर दर रविवारी फोन करायचे. ईरा कशी आहे, नव्या लॅबमध्ये रजिस्टर कसं ठेवतात, यंदा सुकेळी बरी आली नाहीत. कागदाबद्दल सहा महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याच दिवशी पाठवला असता. पण ज्या माणसाला कुणाला काही मागायची सवयच उरलेली नसते, तो दुसऱ्यांदा मागत नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी ते म्हणाले, "खलास. साठ झाले. व्हिसा कॅन्सल होतोय. महिनाअखेरीस वसईला."

फोन ठेवला आणि मी उभ्या उभ्या लॅपटॉप उघडला. संस्थेचा पत्ता सापडायला चार मिनिटं लागली. कागद पर्समध्ये चुरगळून चौघडीवर फाटला होता. टाइप केला. पाठवला.

तिसऱ्या दिवशी उत्तर! तिथल्या ग्रंथालयातल्या एका बाईंनी इतकं आपुलकीनं लिहिलं होतं की मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. प्रबंध सापडला होता. नकाशाच्या पश्चिमेच्या कडेला पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं होतं, त्या पानाचा फोटो त्यांनी जोडला होता. दुरुस्तीचं पान पाठवा, प्रतीत लावून घेऊ, आणि ती पाटी पाठवता आली तर तिची जागा खणात अजून रिकामी आहे, असंही होतं. आणि शेवटी दोन ओळी. प्रोफेसर मार्चमध्ये गेले. फेब्रुवारीपर्यंत ते दर गुरुवारी ग्रंथालयात येऊन बसत, हे पत्र त्यांना दाखवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मी मोजलं. डिसेंबर ते फेब्रुवारी. नऊ-दहा गुरुवार.

आता एक गोष्ट सांगते जी मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्या पत्राचे मी दोन प्रिंट काढले. एक पूर्ण, आणि एक शेवटच्या दोन ओळी कापून. फक्त "प्रोफेसर आता हयात नाहीत" एवढं ठेवून. सरांना काय कळणार होतं? माणूस आनंदानं घरी गेला असता. दोन्ही कागद घेऊन मी त्यांची वाट बघत होते.

विमानाच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे अल नहदाला मुक्कामाला आले. भर दुपार, बाहेर सत्तेचाळीस डिग्री. एक बॅग आणि एक खोका. खोक्यावर बाण. बाकीचे दगड त्यांनी एका शाळेला देऊन टाकले होते. पाणी पिऊन झालं आणि ते सोफ्याच्या अगदी कडेला बसले, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे. तेव्हा मला कळलं, न विचारताही ते सहा महिने रोज वाट बघत होते.

मी पर्समध्ये हात घातला. दोन कागद. मला त्या माडीवरच्या शेगडीची आठवण झाली. सोयीच्या बाजूनं काढलेल्या बाणाची. मी पूर्ण कागद त्यांच्या हातात दिला.

आधी त्यांनी नकाशाचा फोटो बघितला. भिंग लावलं. पेन्सिलीतलं अक्षर फ्रेंच होतं. ते हलक्या आवाजात वाचायला लागले, मग मराठीत सांगायला लागले. "इथे थर उलटे असावेत. मुळं तपासावीत." मग थांबले. "इनासला विचारावं."

खाली तारीख होती. सर वसईला परतल्यानंतर चार महिन्यांची.

"म्हाताऱ्याला माहीत होतं," ते म्हणाले. "तेव्हापासून माहीत होतं."  "विचारलं का नाही मग मला? मी पण इतकी वर्षं त्याच मुळांपाशी अडकलो होतो की."

मग त्यांनी पत्र वाचलं. शेवटपर्यंत. मार्च वाचलं, फेब्रुवारी वाचलं. मोजताना माणसाचे ओठ किंचित हलतात, तसे त्यांचे हलले.

मी म्हटलं, "सर, मी पाठवलंच नव्हतं. जूनमध्ये पाठवलं. सहा महिने कागद पर्समध्ये होता. काही कारण नव्हतं, सर. काहीच कारण नव्हतं." आणि मी, जिनं कधी कुणापुढे डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, ती ढसाढसा रडले. ईरा आतून धावत आली आणि दारातच थबकली.

  सरांनी कागदाची नीट घडी केली आणि म्हणाले, "असू दे. हात गारठतात गं माणसाचे."

बाहेर सत्तेचाळीस डिग्री होती.

त्यांनी खोका उघडला, पाटी काढली, टेबलावर ठेवली. खिशातून बारीक ब्रश आणि पांढऱ्या रंगाची बाटली काढली. मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"आता बघितलंस ना? प्रोफेसरांचं अक्षर बघितलंस. मुळं बघ. हे भिंग घे."

मी भिंग डोळ्याला लावलं. काही दिसेना, डोळे भरलेले. पुसले. मग दिसलं. जाड टोक, आणि त्यातून निघालेले दोन बारीक फाटे. रेघ मारलेल्या बाणाच्या बरोबर उलट दिशेला.

"खाली चाललेत," मी म्हटलं.

"खाली चाललेत," ते म्हणाले. "कर सही."

मी तीस कोटी वर्षांच्या दगडावर "वैशाली" लिहिलं आणि पुढे तारीख घातली. शेवटची वेलांटी जरा लांबली. त्यांनी फुंकर मारून रंग वाळवला. मग पाटी परत गुंडाळली, वर दुरुस्तीचं पान ठेवलं, खोका बंद केला, आणि तो माझ्या पुढ्यात सरकवला. अर्धी सुकेळी सरकवायचे तसा.

"हे तू पाठव. पत्ता तुझ्याकडे आहे."

"मी?" मी म्हटलं. "सर, मीच?"

"सवडीनं," ते म्हणाले.

खोका दुसऱ्या दिवशी दुपारीच रवाना झाला, हे आधीच सांगून टाकते. विमानतळावरून मी परस्पर कुरियरच्या काउंटरवर गेले. तो गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर होता, पट्टा लावून, बाण वर. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, स्वित्झर्लंड को पत्थर भेज रहे हो?" मी म्हटलं, "हां. उधर का ही है." खोका मिळाल्याचा ग्रंथालयाच्या बाईंचा मेल आला तेव्हा सर वसईला पोचून दहा दिवस झाले होते. मी तो मेल आल्या मिनिटाला त्यांना फोनवर वाचून दाखवला.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते विमानतळाच्या दारातले इनास सर. हमालानं बॅग ट्रॉलीवर उलटी टाकली, चाकं वर. मी "अहो भाईसाब" म्हणून धावणार होते. सरांनी नुसतं बघितलं आणि तशीच ट्रॉली ढकलत काचेच्या दारातून आत गेले. आत रांग होती. ट्रॉली पुढच्या माणसाच्या मागे लावून ते उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात कोपरात वाकवलेले होते, छातीजवळ, खोका धरल्यासारखे. बराच वेळ. मग त्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी हातांकडे बघितलं, आणि ते खाली सोडले.